२^६७ − १ ही संख्या संयुक्त आहे, हे तिचे अवयव सापडण्याआधी कसे कळले?

प्रश्न : खडूफळा

नमस्कार. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. नववीच्या वर्गात मूळ आणि संयुक्त संख्यांची उजळणी चालू असताना मी फळ्यावर दोनाच्या ६७ व्या घातातून एक वजा करून येणारी संख्या लिहिली : १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. ही एकवीस अंकी संख्या आहे. आपल्या जुन्या संख्यानामांत परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्ये. त्या मापाने ती सुमारे १,४७५ परार्ध भरते.

या संख्येचा इतिहास मी वर्गात थोडक्यात सांगितला. फ्रान्समधील मर्सेन या धर्मगुरूंनी १६४४ मध्ये असे प्रतिपादन केले होते, की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढ्यांसाठीच २^न − १ ही संख्या मूळ असते. एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये दाखवून दिले, की ६७ हा घातांक त्या यादीत चुकून आला असून ही संख्या संयुक्त आहे. मात्र तिचे अवयव जगाला कळले ते १९०३ मध्ये. त्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्क येथे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत फ्रँक नेल्सन कोल यांनी ते मांडले : १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७.

हा गुणाकार आम्ही वर्गात हाताने केला. पहिल्या अवयवाचे १९३, ७०७ आणि ७२१ असे तीन तुकडे पाडले, तीन गटांनी एकेक तुकडा घेतला आणि शेवटी तिन्ही आंशिक गुणाकार जागा सरकवून फळ्यावर मिळवले. पहिल्या खेपेस एका गटाचा हातचा राहिला होता, तो नवाच्या ताळ्याने पकडला गेला. एका अवयवाच्या अंकांची बेरीज ३७, दुसऱ्याच्या ६४ आणि मोठ्या संख्येच्या अंकांची १०९. तिन्हींची पुन्हा बेरीज केली की १० आणि मग १ उरतो, म्हणजे एक गुणिले एक बरोबर एक असा ताळा जमतो. अकराचाही ताळा पाहिला : अवयवांच्या बाकी ९ आणि ८, त्यांचा गुणाकार ७२, त्याची बाकी ६, आणि मोठ्या संख्येचीही बाकी ६.

हे सर्व झाल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, १८७६ ते १९०३ या सत्तावीस वर्षांत कोणालाच भाजक माहीत नव्हता, तर ही संख्या संयुक्त आहे असे ते कशाच्या जोरावर म्हणत होते?" मी "त्यासाठी वेगळी कसोटी असते" एवढेच सांगू शकले आणि ते उत्तर मला स्वतःलाच अपुरे वाटले. ही कसोटी नववीच्या मुलांना पटेल अशा रीतीने कशी सांगावी, आणि संगणक नसताना कोल यांना तो नऊ अंकी भाजक सापडला कसा, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

उत्तर : पाटीपेन्सिल

आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार नेमका आहे आणि त्याचे मूळ फर्मा यांच्या एका प्रमेयात आहे. प ही मूळ संख्या असेल आणि अ ला तिने भाग जात नसेल, तर अ चा (प − १) वा घात प ने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. म्हणून एखाद्या संख्येच्या बाबतीत ही बाकी १ सोडून दुसरी काही आली, तर ती संख्या मूळ असूच शकत नाही. मग तिचा एकही भाजक आपल्या हाती नसला तरी हरकत नाही. मुलांना असे सांगता येईल, की मूळ संख्या एक ठरावीक नियम कधीच मोडत नाहीत, आणि नियम मोडणारी संख्या पकडण्यासाठी तिला फोडून पाहावे लागत नाही. वर्गात २ हा पाया घेऊन काही छोट्या संख्यांवर हा प्रयोग करून दाखवावा असे मी सुचवेन.

उत्तर : घातांक

पाटीपेन्सिल यांचे तत्त्व बरोबर आहे, पण २ हा पाया या विशिष्ट संख्यांना चालत नाही, आणि तो का चालत नाही हे मुलांना दाखवण्यासारखे आहे. २^११ − १ = २०४७ ही संख्या घ्या. ती २३ × ८९ आहे, म्हणजे उघडच संयुक्त. आता २^११ ला २०४७ ने भागले की बाकी १ उरते आणि २०४६ ला ११ ने निःशेष भाग जातो. त्यामुळे २^२०४६ ची बाकीही १ च येते आणि २०४७ ही संख्या कसोटीत मूळ असल्यासारखी पार होते. २^६७ − १ चेही तसेच आहे, किंबहुना घातांक मूळ असेल तर या जातीची प्रत्येक संख्या २ च्या कसोटीतून सुटते. पाया ३ घेतला, की २०४७ पकडली जाते : ३^२०४६ ला २०४७ ने भागल्यावर बाकी १०१३ उरते, १ नव्हे.

या जातीच्या संख्यांसाठी याहून नेटकी कसोटी आहे. तिचा पाया ल्युका यांनी घातला आणि आज आपण वापरतो तो सुटसुटीत प्रकार डी. एच. लेहमर यांनी १९३० मध्ये सिद्ध केला. सुरुवातीला ४ घ्यायचे. प्रत्येक पायरीला हातातील संख्येचा वर्ग करून त्यातून २ वजा करायचे आणि २^प − १ ने भागून फक्त बाकी ठेवायची. अशा प − २ पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली तर संख्या मूळ, अन्यथा संयुक्त; येथे प ही दोनाहून मोठी मूळ संख्या असावी लागते. शून्य येणे आणि संख्या मूळ असणे या दोन्ही गोष्टी एकमेकींशिवाय घडत नाहीत, म्हणून येथे शंकेला जागा राहत नाही.

१२७, म्हणजे २^७ − १, घेऊन पाहा : ४, १४, ६७, ४२, १११, ०. पाच पायऱ्यांत शून्य आले, म्हणून १२७ मूळ. आता २०४७ घ्या : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. नऊ पायऱ्या झाल्या आणि शून्य आले नाही, म्हणून २०४७ संयुक्त. या दहा आकड्यांत २३ किंवा ८९ यांचा कोठे मागमूस दिसतो का, हे मुलांना शोधायला सांगा. तो दिसत नाही, आणि तरीही निकाल पक्का असतो. माझ्या मते आपल्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे खरे उत्तर या एका ओळीत आहे, आणि ते तिने स्वतः वहीत आकडेमोड करून पाहिले तरच तिला पटेल. आपण सांगून पटणार नाही.

२^६७ − १ साठी अशा ६५ पायऱ्या लागतात. एकवीस अंकी संख्येचा ६५ वेळा वर्ग करणे आणि प्रत्येक वेळी भागाकार करणे हे काम कष्टाचे खरे, पण एका माणसाच्या आवाक्यातले आहे. ल्युका यांनी त्याच सुमारास अशाच विचाराने २^१२७ − १ ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचेही दाखवले होते. मर्सेन यांची यादी पुढे आणखी दुरुस्त झाली : २५७ हा घातांक वगळावा लागला आणि ६१, ८९ व १०७ हे तीन त्यात घालावे लागले.

उत्तर : वर्गशेष

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे कोल यांच्या शोधाविषयी, जरा विस्ताराने लिहितो. कारण याबाबत बहुतेक ठिकाणी फक्त ती भाषणाची गोष्ट सांगितली जाते. कोल यांनी एक शब्दही न बोलता फळ्यावर एका बाजूला २^६७ − १ ची किंमत आणि दुसऱ्या बाजूला गुणाकार मांडला, दोन्ही उत्तरे जुळली, सभेने टाळ्या वाजवल्या, आणि हा शोध लागायला किती वेळ लागला असे विचारल्यावर "तीन वर्षांचे रविवार" असे उत्तर त्यांनी दिले, ही कथा ई. टी. बेल यांनी बऱ्याच वर्षांनंतर लिहिली. ती गोड आहे, मात्र तिच्यापेक्षा डिसेंबर १९०३ मध्ये त्याच संस्थेच्या नियतकालिकात छापून आलेला कोल यांचा छोटा निबंध मला अधिक मोलाचा वाटतो.

आधी हे पाहू, की या संख्येचा भाजक वाटेल तो असू शकत नाही. २^११ − १ चा भाजक २३ घ्या आणि दोनाचे घात २३ ने भागून उरणाऱ्या बाकी क्रमाने लिहा : २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. बरोबर अकराव्या पायरीला १ आला आणि तेथून तेच चक्र पुन्हा सुरू होते. चक्राची लांबी ११ आहे, आणि फर्मा यांच्या प्रमेयानुसार ती २३ − १ ला निःशेष भागते. याच कारणाने २^६७ − १ च्या प्रत्येक मूळ भाजकातून १ वजा केल्यास उरलेल्या संख्येला ६७ ने भाग जावा लागतो, आणि भाजक विषम असल्याने १३४ नेही. म्हणजे प्रत्येक भाजक १३४क + १ या रूपाचाच असतो. पडताळा घ्या : १९,३७,०७,७२० भागिले १३४ बरोबर १४,४५,५८०, आणि दुसऱ्या अवयवासाठी क = ५,६८,५३,६०,१२९. शिवाय ८ ने भागल्यावर भाजकाची बाकी १ किंवा ७ च यावी लागते. येथे एकाची १ आहे आणि दुसऱ्याची ७.

एवढ्या गाळणीनंतर सरळ भागाकार करत गेलो तर काय होईल, याचा मी हिशेब केला. क च्या १४,४५,५८० किमतींपैकी ८ च्या अटीने निम्म्या गळतात. ३, ५ आणि ७ यांनी भाग जाणारे उमेदवारही काढून टाकले की सुमारे ३ लाख ३० हजार भाजक तपासायचे उरतात. दिवसाला १०० तपासले तरी नऊ वर्षे लागतील, आणि तपासणाऱ्याला आधी हेही ठाऊक नसते की भाजक एवढ्यावर थांबणार आहे. शोध वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारे १,२१४ कोटी ८० लाखांपर्यंत, न्यावा लागू शकतो.

कोल यांनी वेगळी वाट धरली. अवयव अ आणि ब असतील, त्यांच्या बेरजेची निम्मी स आणि वजाबाकीची निम्मी य म्हटली, तर आपली संख्या स^२ − य^२ अशी लिहिता येते. त्यामुळे असा स शोधायचा, की त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा केल्यावर पूर्ण वर्ग उरेल. नुसते एकेक स घेत गेलो तर ३६,८८६ कोटींहून अधिक पायऱ्या पडतात, म्हणजे भागाकारापेक्षाही वाईट स्थिती. येथे भाजकांचे रूप मदतीला येते. अ − १ आणि ब − १ या दोन्हींना ६७ ने भाग जातो, म्हणून त्यांच्या गुणाकाराला ६७ च्या वर्गाने, म्हणजे ४४८९ ने, भाग जातो. तो गुणाकार उलगडला की २^६७ − (अ + ब) एवढाच उरतो. म्हणजे अवयव माहीत नसतानाही त्यांच्या बेरजेला ४४८९ ने भागल्यावर काय उरणार हे आपल्याला ठाऊक असते! निम्म्याचा हिशेब केला तर स ची बाकी २^६६ च्या बाकीएवढी, म्हणजे ६७१, यायला हवी.

यापुढचे काम वर्गशेषांचे. अशा लहान संख्या शोधायच्या, की ज्या एखाद्या वर्गाला आपल्या मोठ्या संख्येने भागल्यावर बाकी म्हणून उरतात. त्या दोन्ही अवयवांच्याही वर्गशेष असतात आणि त्यामुळे अवयवांवर आणखी बंधने येतात. उदाहरणार्थ, आपल्या संख्येला ३ ने भागल्यावर १ उरतो, म्हणून दोन्ही अवयवांची बाकी १ तरी असणार किंवा २ तरी. −३ ही वर्गशेष आहे असे कळले, की २ चा पर्याय बाद होतो. अशा बंधनांच्या एकत्र परिणामाने कोल यांच्या निबंधात स चे रूप असे येते :

स = १,३२,३५,३६,७६० × न + १,१६,०९,३२,३८४

यातील मोठ्या गुणकाचे मी अवयव पाडून पाहिले, तेव्हा ते ६७ चा वर्ग, ८, ८१, ५, ७ आणि १३ असे निघाले आणि एकेक बंधन कोठून आले असेल हे डोळ्यांपुढे उभे राहिले. स हा वर्गमुळापेक्षा मोठा हवा, म्हणून न ची सुरुवात ९ पासून होते. न = २८७ ला स = ३,८१,०१,५९,८२,५०४ येतो, त्याच्या वर्गातून आपली संख्या वजा केली की ३,८०,८२,२२,७४,७८३ चा पूर्ण वर्ग उरतो, आणि वजाबाकी व बेरीज करताच दोन्ही अवयव हाती येतात. हजारो कोटी पायऱ्यांचे काम २७९ उमेदवारांवर आले, हे मला त्या निःशब्द भाषणाहून अधिक थक्क करणारे वाटते. त्या रविवारांचा मोठा भाग, माझ्या समजुतीने, ते वर्गशेष जमवण्यात गेला असावा.

वर्गात दाखवायचे असेल तर २०४७ घ्या. येथे ६७ च्या जागी ११ आहे, म्हणून स ला १२१ ने भागल्यावर २^१० ची, म्हणजे १०२४ ची, बाकी उरायला हवी. ती ५६ आहे. २०४७ चे वर्गमूळ ४५ च्या थोडे पुढे आहे, तेव्हा पहिलाच उमेदवार ५६. त्याचा वर्ग ३१३६, त्यातून २०४७ गेले की १०८९, आणि १०८९ हा ३३ चा वर्ग. ५६ − ३३ = २३, ५६ + ३३ = ८९. एकाच पायरीत काम होते.

प्रतिसाद : पाटीपेन्सिल

घातांक यांनी माझी चूक दाखवून दिली याबद्दल त्यांचे मनःपूर्वक आभार. २ हा पाया या संख्यांच्या घडणीतच मुरलेला आहे, हे मी लक्षात घेतले नव्हते. वर्गशेष यांचे १२१ चे उदाहरण मी स्वतः कागदावर करून पाहिले. "बेरजेची बाकी आधीच कळते" हे वाक्य मला दोनदा वाचावे लागले, पण (अ − १)(ब − १) उलगडून पाहिल्यावर ते लख्ख झाले.

प्रतिसाद : घातांक

विद्यार्थिनीला एवढे अवश्य सांगावे, की ती सत्तावीस वर्षांची स्थिती इतिहासजमा झालेली नाही. २^१२७७ − १ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे, पण तिचा एकही भाजक आजवर सापडलेला नाही. मर्सेनच्या संयुक्त संख्यांमध्ये अशी ही सर्वांत लहान. फर्मा यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, म्हणजे २ चा २^न वा घात अधिक १ या रूपाच्या, संख्यांपैकी विसाव्या आणि चोविसाव्या क्रमांकाच्या संख्यांचीही गत तीच आहे. मूळ की संयुक्त हे ठरवण्याची तुलनेने जलद आणि सर्व संख्यांना लागू पडणारी निश्चित रीत मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी कानपूरच्या आयआयटीमध्ये २००२ साली दिली. अवयव पाडण्यासाठी तशी जलद रीत आपल्या नेहमीच्या संगणकांकरिता कोणालाही सापडलेली नाही. संदेश गुप्त ठेवण्याच्या प्रचलित पद्धतींपैकी एक याच तफावतीवर उभी आहे.

प्रतिसाद : खडूफळा

सर्वांची मनापासून आभारी आहे. आज दोन तासिका जोडून घेतल्या आणि २०४७ ची दहा आकड्यांची ओळ मुलांकडून लिहून घेतली. प्रश्न विचारणाऱ्या मुलीने ११९ नंतरचा १८७७ दोनदा तपासला, शेवटच्या १७३६ पर्यंत पोहोचली आणि म्हणाली, "म्हणजे ती मूळ नाही एवढेच या ओळीवरून कळते, आतले काही कळत नाही." याहून नेमके मलाही सांगता आले नसते.

त्यानंतर मी २^२३ − १, म्हणजे ८३,८८,६०७ ही संख्या दिली आणि वर्गाचे दोन भाग केले. एका भागाला वर्गशेष यांची रीत दिली : स ला ५२९ ने भागल्यावर बाकी ३९२ यावी, आणि ८ ने भागल्यावर एका अवयवाची बाकी १ व दुसऱ्याची ७ असल्याने स ला ४ ने निःशेष भाग जावा. त्यामुळे उमेदवार २११६ च्या अंतराने येतात आणि पहिला ४६२४. मुले वर्ग, वजाबाकी आणि वर्गमूळ करत बसली. त्या रीतीने उत्तर ८९,२६४ ला, म्हणजे एकेचाळिसाव्या उमेदवाराला, येते आणि तासिका संपेपर्यंत त्यांचे बारा उमेदवार झाले होते. दुसऱ्या भागाला फक्त ४६क + १ हे रूप सांगितले होते. त्यांनी क = १ घेऊन ४७ ने भागले आणि पहिल्याच भागाकारात १,७८,४८१ फळ्यावर लिहिले.

पहिल्या गटाने लगेच विचारले, की अवयव एकमेकांपासून एवढे लांब आहेत हे आधी कळायला काही उपाय आहे का. मी तसा उपाय नाही असे सांगितले आणि कोल यांच्यासाठीचा क फळ्यावर लिहिला : १४,४५,५८०. मुलांनी उरलेले एकोणतीस उमेदवार घरून करून आणायचे ठरवले आहे.